निंबाला बांधलेली पायगाडी

आमच्या अमरावतीच्या घरापुढं एक निंब होता आणि त्या निंबाला माझ्या वडिलांनी, आबांनी, अडीच वर्षं एक गाडी साखळदंडानं बांधून ठेवली होती. या गाडीला बैल लागत नसत, घोडं लागत नसे, आणि आमच्याकडे असेपर्यंत तिला माणूसही लागला नाही, कारण तिच्यावर कुणी बसलंच नाही. लोक तिला पायगाडी म्हणत. आज गल्लीतल्या शाळामास्तरापासून दूधवाल्यापर्यंत कुणाकडेही सायकल दिसते. माझा नातू त्याची सायकल भिंतीला टेकवतो आणि पाऊस असो, ऊन असो, मागं न बघता घरात येतो. मी म्हणते, अरे, झाक रे तिला काहीतरी. तो हसतो आणि म्हणतो, आजी, ती भिजण्यासाठीच असते. त्याच्याशी कोण वाद घालणार? मी उठते, पोतं घेऊन जाते आणि सायकलीवर टाकून येते. आमच्या घरात वाढलेल्या माणसाचा हात असाच चालतो.

त्याआधी काही वर्षं कुठंतरी समुद्रापलीकडे लढाई चालली होती म्हणे, आणि तिथली माणसं एकमेकांना मारत होती म्हणून आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं विकला जात होता. हा संबंध मला तेव्हा कळला नाही आणि आबांनाही कळला असेल असं वाटत नाही. आम्ही माळी. आमची विहीर होती, मोट होती, वांगी होती, कांदा होता, आणि माय सकाळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जात असे. आबांनी एका वर्षात सगळा मळा नांगरून काढला आणि बांधापासून बांधापर्यंत कापूस लावला. दाराशी उभ्या कोथिंबिरीच्या दोन वाफ्यांसाठी माय त्यांच्याशी भांडली म्हणून तेवढे दोन वाफे राहिले. नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमरावतीला जे वेड लागलं ते मी पोरवयात पाहिलं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. कुणी गाडीच्या चाकांना चांदीची पट्टी ठोकून घेतली आणि मग ती झिजू नये म्हणून गाडी बाहेर काढायचं बंद केलं. एकानं आरसा आणला, तो दारातून आत जाईना, म्हणून भिंत पाडली. आबा या सगळ्यांना हसत. त्यांचं म्हणणं असं की माणसानं काहीतरी उपयोगाचं घ्यावं.

कापसाच्या एका पेढीवर एक गोरा साहेब होता. सगळं बसल्यानंतर, म्हणजे भाव कोसळल्यावर, तो इकडे आला होता आणि पडलेल्या बाजारात काय उचलता येईल ते पाहत होता. त्यानं मुंबईहून ही पायगाडी आणवली. लाकडी आऱ्यांची दोन चाकं, एकापुढं एक, वर आपल्या छकड्यासारखी लोखंडी धाव, मध्ये लोखंडाचा वाकडा कणा, त्यावर कातड्याची बैठक, आणि पाय मारायच्या दांड्या पुढच्याच चाकाला. संध्याकाळी साहेब तिच्यावर बसून कापसाच्या बाजारापर्यंत जाई आणि मागं निम्मं गाव धावे. एक दिवस तो खडखडत नालीत गेला आणि हात मोडून घेतला. महिन्याभरात त्याची बदली झाली. त्याच्या दिवाणजीनं सामान विकायला काढलं तेव्हा लोकांनी खुर्च्या घेतल्या, दिवे घेतले, एकानं आंघोळीचा टब घेतला आणि त्यात म्हशीला पेंड चारली. आबांनी पायगाडी घेतली. बदल्यात आमची बैलजोडी दिली. चालणारे दोन जीव देऊन न चालणारी एक वस्तू आणली, हे माय त्यांना मरेपर्यंत म्हणत राहिली, पण ते फार पुढचं. त्या दिवशी ती फक्त गोठ्याकडे गेली आणि रिकाम्या दावणीतली वैरण उचलून शेजाऱ्याच्या गाईला घालून आली.

गाडी गोठ्यात ठेवता आली असती. गोठा आता रिकामाच होता. पण गोठ्यात ठेवली तर रस्त्यावरच्या माणसाला दिसणार कशी? म्हणून ती निंबाखाली, रस्त्याच्या तोंडावर. आणि रस्त्याच्या तोंडावर ठेवायची म्हणजे चोर आले. अमरावतीतला कुणीही चोर ती गाडी घेऊन करणार काय, तिच्यावर बसून पळणार तर नक्कीच नव्हता, पण आबांनी लोहारवाड्यातून बैलाच्या साखळीच्या दुप्पट जाड साखळी करून आणली. ती दोन्ही चाकांतून, कण्यातून आणि निंबाच्या बुंध्याभोवती अशी फिरवली की गाडी खोडाला अगदी चिकटून बसली, मध्ये बोट जाईना. हाताच्या तळव्याएवढं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेच्या करगोट्यात अडकवली. रोज पहाटे उठल्याबरोबर ते साखळी ओढून बघत. इतर घरांतल्या पोरी जात्याच्या आवाजानं जाग्या होत. आम्ही त्या खळखळाटानं जाग्या होत असू.

चोरांचा बंदोबस्त झाल्यावर आभाळाचा निघाला. उन्हानं लाकूड तडकू नये आणि पावसानं लोखंड गंजू नये म्हणून गाडीला रोज जवसाचं तेल लावायचं ठरलं, आणि ते काम माझ्याकडे आणि माझ्या मोठ्या बहिणीकडे, गोदाकडे आलं. आमच्या घरी जवसाच्या तेलातच स्वयंपाक व्हायचा. भाकरीवर जवसाची चटणी, तिच्यात बोटानं खळगा करून वर कच्च्या तेलाची धार, यापेक्षा चांगलं जेवण मी पुढं कुठल्या लग्नातही जेवले नाही. ती धार हळूहळू बारीक झाली. मग थेंब झाला. मग आम्ही कोरडी चटणी पाण्याच्या घोटाबरोबर गिळू लागलो आणि बाहेर गाडी चकचकू लागली. चाकांना जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली फरशीचे तुकडे आले. मुंग्या चढू नयेत म्हणून फरश्यांभोवती पाणी भरलेल्या पसरट कुंड्या आल्या, त्यांत डास झाले. वर कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचं छप्पर आलं, त्यावर पळसाची पानं, आणि ती वाऱ्यानं उडाली तेव्हा डांबर लावलेलं जाड कापड आलं. ते कापड मायनं कांद्यावर घालण्यासाठी जपून ठेवलं होतं. कापूस पडल्यावर आम्ही पुन्हा कांद्याकडे वळलो होतो ना. त्या पावसाळ्यात निम्मा कांदा सडला. घरभर त्याचा वास भरून राहिला होता, आणि आबा दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की पाहा, एवढ्या पावसात गाडीला एक थेंब शिवला नाही.

ते वाईट नव्हते, हे सांगायला हवं. आमच्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही. बाजारातून येताना शेंगदाणे आणत आणि मी झोपलेली असले तर माझा वाटा उशाशी ठेवत. पण कापसाच्या त्या वर्षांत लोक त्यांना रस्त्यात थांबवून रामराम करू लागले होते आणि कापूस पडल्यावर तो रामराम बंद पडला होता. आता लोक गाडी पाहायला थांबत. थांबले की रामराम करत. हे मला साठ वर्षांनी समजलं. समजलं म्हणून सडलेल्या कांद्याचा वास मात्र कमी होत नाही.

गोदाचं लग्न जमवायचं होतं. माझा मामा अकोल्याला असे. त्यानं तिथल्या धोंडजी नावाच्या मळेवाल्याचा मुलगा सुचवला. केळीची बाग होती, पानमळा होता, मुलगा शांत होता. मामाचा निरोप आला की धोंडजी स्वतः पोरगी पाहायला येत आहेत. मायनं तीन दिवस घर सारवलं. पाहुण्यांसाठी तिनं शेजारून तेल मागून आणलं, पाटवड्यांचा रस्सा केला, कढीत गोळे सोडले, पुरण घातलं. गोदाला मायचं हिरवं लुगडं नेसवलं. ते तिला मोठं झालं म्हणून कमरेशी एवढा बोंगा खोचला की बिचारीला धड बसता येईना. ती मला कानात म्हणाली की तिला जेवायला वाढू दिलं तर बरं, म्हणजे उभं राहता येईल.

धोंडजी मामाबरोबर छकड्यातून उतरले. मोठ्या मिशांचे, पोट सुटलेले गृहस्थ होते. ते दारापर्यंत आलेच नाहीत. निंबाखाली थांबले, छपराखाली वाकले, डांबरी कापड उचलून पाहिलं, आणि तिथंच उकिडवे बसले. आबा त्यांच्याजवळ जाऊन बसले. आत पाटवड्या गार होत होत्या. मी उंबऱ्यात होते म्हणून मला सगळं ऐकू आलं. धोंडजींनी चाकावरून हात फिरवला आणि ही चालते का म्हणून विचारलं. आबा म्हणाले, चालते. कोण चालवतं? आबा जरा थांबले आणि म्हणाले, साहेब चालवत होता. या उत्तरानं धोंडजींचं पूर्ण समाधान झालं. मग किती तरी वेळ तेल कोणतं, कितीदा लावायचं, साखळी कुठल्या लोहाराची, हेच चाललं. दोन माणसं इतक्या मायेनं एका विषयावर बोलताना मी क्वचितच पाहिली आहेत.

जेवणं झाली. गोदा वाढायला आली, धोंडजींनी वर पाहून मान हलवली आणि पुरणपोळी पुन्हा मागितली. सुपारी चघळत ते मामाला म्हणाले की पोरगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही मनात नाही, कपडालत्ता तुमच्या मर्जीनं करा. मायनं आत देवापुढं हात जोडले. मग धोंडजी आबांकडे वळले.

"मोतीरामजी, मले कायी नको. फक्त थे पायगाडी जवायाले द्या."

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते हसले, जणू पाहुण्यांनी थट्टा केली होती. धोंडजी हसले नाहीत. आबा म्हणाले की लुगडी देऊ, भांडी देऊ, कालवड देऊ. धोंडजींनी मान हलवली. मामा मध्ये पडला, म्हणाला की दोन वर्षं ती नुसती उभी आहे, तिचा काय उपयोग. आबांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. बोलले तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मामाला पुन्हा विचारावं लागलं.

"नाई," आबा म्हणाले. "पोरगी घेऊन जा. गाडी नाई देत."

धोंडजी उठले, चूळ भरली, पागोटं नीट केलं आणि गेले. जाताना निंबाखाली पुन्हा थांबले. मामा त्यांच्या मागं धावला. गोदा चुलीजवळ उभी होती, कमरेचा बोंगा सुटून लुगडं पायांत आलेलं. ती रडली नाही. तिनं उरलेल्या पाटवड्या एका थाळीत काढल्या आणि मला म्हणाली, खा. स्वतःही खाल्ल्या. माय ओसरीवर आली. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"पोरगी मांगतली तं हो म्हनलं," माय म्हणाली. "गाडी मांगतली तं नाई म्हनलं. समजलं मले."

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. माय वाढायची, आबा जेवायचे. दुसऱ्या दिवसापासून गोदानं गाडीला तेल लावणं बंद केलं आणि मलाही लावू दिलं नाही. तेलाची वाटी तिनं सरळ चुलीजवळ ठेवली. चटणीवर पुन्हा धार आली. आबांनी ती पाहिली आणि ताटाकडे बघत जेवले. पहाटे साखळी ओढून बघायचे, तेवढं सुटलं नाही, पण तो आवाज पूर्वीसारखा जोरात येत नसे.

पाच-सहा महिने गेले. गावात गोष्ट पसरली होती आणि दुसरं स्थळ येईना. एका सकाळी आबांनी शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली, मला म्हणाले की मामाकडे चल, आणि करगोट्यातून किल्ली काढली. माय दारात येऊन उभी राहिली. त्यांनी पायगाडी अकोल्याला पोचवायचं ठरवलं होतं. स्वतःहून. कुणी सांगितलं नव्हतं. कुलूप उघडायला तेल ओतावं लागलं, दगडानं ठोकावं लागलं, कारण सगळ्या गाडीला तेल मिळालं होतं पण कुलपाला कुणी कधी दिलं नव्हतं. साखळी सुटली. आबांनी मागचं चाक धरून उचललं आणि चाक त्यांच्या हातात आलं. आऱ्या पापडासारख्या चुरल्या. वरची तेलकट साल तेवढी लाकडाची होती, आत माती भरली होती. वाळवी, आमच्याकडे तिला उधई म्हणतात, निंबाच्या खोडावरून चढली होती आणि जिथं गाडी खोडाला घट्ट आवळली होती तिथून आत शिरली होती. निंबाला कीड लागत नाही, असं आबा सगळ्यांना सांगत. त्या बाबतीत ते खरे होते. निंबाला काही झालं नव्हतं.

मला हसू आलं. मायनं माझ्याकडे असं पाहिलं की ते तिथंच गिळलं. आबा चाकाची धाव हातात घेऊन उभे होते. लोखंडाची ती रिकामी कडी त्यांनी हळूच खाली ठेवली आणि मला गाडीत बसायला सांगितलं.

आगगाडी तेव्हा बडनेऱ्याहून अकोल्याला जात होती, पण आबांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ती उभी असताना कशाला बांधतात हे त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं. म्हणून बैलगाडीनं गेलो. तिसऱ्या दिवशी धोंडजींच्या मळ्यात पोचलो तर दारापुढं एक नवंकोरं छप्पर होतं. कौलं घातलेलं, बाजूंना कुडाच्या भिंती, खाली फरशी, चुना फासलेला. आत एक शेळी बांधली होती. आमच्या पायगाडीचं ऐकून, ती मिळणारच असं धरून, धोंडजींनी हे गोदाला पाहायला येण्याआधीच बांधून घेतलं होतं. आबांनी छपराकडे पाहिलं आणि बसायच्या आधी कौलांचा उतार किती ठेवला ते विचारलं. धोंडजींनी सांगितलं. दोघांनी मान हलवली. मग आबा बसले.

"गाडी नाई रायली," ते म्हणाले. "उधईनं खाल्ली. पोरगी हाये. बोला."

धोंडजींचा चेहरा खरोखर उतरला. घरचं माणूस गेल्यासारखं त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"सगळीच खाल्ली?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, चाकं खाल्ली, कणा आहे. धोंडजींनी विचार केला. अकोल्यात एक सुतार आहे, तो चाकं करून देईल का, असं स्वतःशीच म्हणाले. मग साहेबाच्या मापाची चाकं इथला सुतार कशी करणार, असंही स्वतःशीच म्हणाले. आत जाऊन त्यांनी आमच्यासाठी केळी पाठवली. पुन्हा बाहेर आले, पावसाबद्दल बोलले, शेळीबद्दल बोलले. आबा वाट पाहत होते. मी केळ खात त्यांच्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. शेवटी ते उठले, रामराम केला, आणि मला म्हणाले, चल, रखमे.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर लागलं. तिथं विहिरीवर बैलांना पाणी पाजताना त्यांचा हात थांबला.

"त्यानं गोदीचं नाव नाई काढलं," ते म्हणाले.

बैलांनी पाणी पिऊन माना वर केल्या.

"म्याबी नोतं काढलं," आबा म्हणाले, आणि दोर ओढून दुसरी बादली वर घेतली.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं मायला जसंच्या तसं सांगितलं, सुतारासकट. मायनं ऐकलं आणि भाकर थापायला बसली. त्या रोजी ती त्यांच्या ताटाशी बसून बोलली, कांद्याच्या बियाबद्दल. लोखंडी कणा लोहाराकडे गेला आणि त्याच्यातून तण काढायच्या डवऱ्याच्या दोन पासा, म्हणजे पाती, झाल्या. त्या पुढं कितीतरी वर्षं मळ्यात चालल्या. आमच्या घरी त्या गाडीचा जो काही उपयोग झाला तो एवढाच.

दोन वर्षांनी गोदाचं लग्न बाळापूरच्या एका कांदेवाल्याशी झालं. तो पाहायला आला तेव्हा त्यानं आधी आमची विहीर पाहिली आणि मग गोदाला विचारलं की कांद्याचं बी कसं ठेवता. तिनं सांगितलं. त्याला पटलं नाही, म्हणून त्यानं आपली रीत सांगितली. तिनं त्यात चूक काढली. असं त्यांचं सुरू झालं आणि चाळीस वर्षं चाललं. माणूस तिरसट होता, पण तिला विचारल्याशिवाय त्यानं कधी वाफा घातला नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला आमच्या जातीची सभा होती. गोदाचा मुलगा वकील आहे आणि त्याला भाषणाची हौस आहे. बायकांना मागं सतरंजीवर बसवलं होतं. गोदा आणि मी दोघी म्हाताऱ्या खांबाला टेकून बसलो होतो. लग्नातल्या मागण्यांवर तो बोलत होता आणि बोलता बोलता आवाज चढवून म्हणाला की माझे आजोबा मोतीरामजी यांनी, वऱ्हाडात या गोष्टीचा कुणी विचारही केला नव्हता तेव्हा, आलेल्या वरपित्याला भर ओसरीत सांगितलं की पोरगी देईन, पण वर एक वस्तू देणार नाही. सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बुढ्यानं पागोटं काढून कपाळाला हात लावला.

मी हात टेकून उठायला लागले. माझ्या आयुष्यात इतकं स्वच्छ खोटं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यातला एकेक शब्द खरा होता. गोदानं माझा पदर धरून खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "बाप होता आपला."

मग तिनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण जरा कमी.